एका समुपदेशकामागे किती माणसं? ग्रामीण विदर्भातल्या मानसिक आरोग्य केंद्रांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही छोटं समुपदेशन केंद्र चालवतो. तिथल्या समुपदेशकांचं काम मी पाहते. नवं केंद्र सुरू करणारी मंडळी, संस्थांचे विश्वस्त, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर आणि नुकतीच नोकरीला लागलेली मुलं-मुली यांचे फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते एकदाचे इथे लिहून ठेवले आहेत.

एका समुपदेशकानं दिवसाला किती जणांना भेटावं?

चार. फार तर पाच.

हा आकडा आमच्या विश्वस्तांना सांगितला तेव्हा एका काकांनी सरळ विचारलं, "मग बाकीचा दिवस काय करते ते पोरगी?" त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. ओपीडीत डॉक्टर सकाळभरात शंभर केसपेपर उरकतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. पण ताप मोजायला मिनिट लागतं आणि सहा महिने झोप का लागत नाही हे माणसाच्या तोंडून बाहेर यायला कधी पस्तीस मिनिटं गप्प बसावं लागतं.

चार हा आकडा मी पुस्तकातून घेतला नाही, चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी आमची एक समुपदेशक ग्रामीण रुग्णालयात बसायची. खोली म्हणजे लसींची. कोपऱ्यात फ्रीजची घरघर, एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाहेर बाकड्यावर रांग. बाजाराला आलेली माणसं साडेचारच्या एसटीनं परत जाणार, म्हणून कोणाला नाही म्हणायचं नाही असा माझाच हुकूम होता. त्या दिवशी तिनं अकरा जण पाहिले. नववी एक चाळिशीची बाई होती, दुसऱ्यांदा आलेली. समुपदेशकानं कागदावर मान खाली घालून विचारलं, "मालक काय करतात तुमचे?" बाई दोन क्षण थांबली. म्हणाली, "ताई, मांगच्या टाइमले सांगतलं होतं ना म्या तुमाले. ते गेले नं." रागावली नाही. पिशवी मांडीवरून उचलून खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली. पुढच्या तारखेला ती आली नाही, त्यानंतरही नाही.

रजिस्टरमध्ये त्या दिवशी 'एकूण ११' अशी नोंद आहे. महिन्याच्या बैठकीत मी त्या आकड्याचं कौतुकही केलं होतं.

दिवसाला चार म्हणजे आठवड्याला वीस. मग उरलेला वेळ कुठे जातो?

आमचा आठवडा ४० तासांचा. महिनाभर प्रत्येकीनं डायरीत तास लिहिले, त्यावरून बसवलेला हिशोब असा: वीस सेशन, प्रत्येकी ४५ मिनिटं बोलणं आणि १५ मिनिटं टिपण, म्हणजे २० तास. दोन दिवस बाहेरच्या केंद्रांवर जायचं, त्याचा प्रवास ६ तास. फोनवरचे फॉलो-अप आणि गृहभेटी ४. रजिस्टर आणि अहवाल ३. आशा आणि आरोग्य केंद्राच्या बैठका २. घरच्यांशी बोलणं, डॉक्टरांकडे पाठवणं, पाठवलेला माणूस तिथे पोचला का हे बघणं २. सुपरव्हिजन, म्हणजे वरिष्ठांसोबत किंवा एकमेकींसोबत बसून केसवर बोलणं, २. राहिला एक तास, तो अचानक दारात उभ्या राहणाऱ्यासाठी. तोही पुरत नाही.

टिपणाची १५ मिनिटं कापायचा मोह सगळ्यांनाच होतो. वर सांगितलेली बाई त्या १५ मिनिटांतच हरवली. मागच्या भेटीचं टिपण संध्याकाळी सातला, सगळ्यांचं एकदम, आठवून आठवून लिहिलेलं होतं आणि त्यात नवऱ्याचा उल्लेखच नव्हता.

आमच्या केंद्राला किती समुपदेशक लागतील, हे कसं काढायचं?

लोकसंख्येवरून काढू नका, निराश व्हाल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार आढळला होता. (ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. त्यात शेजारचे मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गुजरात होते, महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडच्या अर्जांत हा आकडा सर्रास महाराष्ट्राचा म्हणून लिहितात, म्हणून सांगितलं.) तोच दर धरला तर ३०,००० वस्तीच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, वीस हजार प्रौढांमागे, दोन हजारांवर माणसं होतात. त्यावरून पदसंख्या काढली तर जिल्ह्याचं बजेट एका तालुक्यात संपेल. शिवाय त्याच सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नसतात.

त्यापेक्षा दारात आज किती येतात ते धरा. उदाहरण घेऊ. आठवड्याला ६ नवे लोक येतात. त्यांतले २ एका भेटीत मोकळे होतात किंवा दुसरीकडे पाठवावे लागतात: २ सेशन. उरलेल्या ४ जणांना सरासरी ६ सेशन लागतात: ४ गुणिले ६, म्हणजे २४. काम स्थिरावलं की दर आठवड्याला ही २६ सेशन ठरलेली. शिवाय जुन्या, दीर्घ आजाराचे ४० जण महिन्यातून एकदा येतात, त्यांची आठवड्याला १०. एकूण ३६. एकीची क्षमता २०, म्हणून भागाकार १.८.

इथे बरेच जण थांबतात आणि 'दोन पदं' असं लिहितात. पण वर्षाच्या ५२ आठवड्यांतून रजा, सण, प्रशिक्षण, आजारपण वगळलं तर हाताशी ४४ आठवडे राहतात. १.८ ला ५२ नं गुणून ४४ नं भागा: २.१ च्या वर जातं. म्हणजे दोघी असल्या तरी काम थोडं उरतंच.

आता उलटं करून बघा. एकच समुपदेशक आहे. वर्षाची सरासरी धरली तर तिच्या वाट्याला आठवड्याला १७ सेशन येतात. त्यातली १० जुन्या फॉलो-अपला गेली. उरली ७. म्हणजे आठवड्याला पुरी होणारी नवी केस फक्त एक. दारात सहा येतायत. बाकीचे पाच कुठे गेले, हे रजिस्टरात कधीच दिसत नाही, कारण प्रत्येकाला एकदा भेटून पुढची तारीख दीड महिन्यानं दिलेली असते.

मग त्या एकीनं करायचं तरी काय?

फॉलो-अप दुसऱ्याच्या हाती द्यायचे. गोळ्या चालू आहेत, झोप ठीक आहे, कामाला जातोय, अशा स्थिर माणसाला दर महिन्याला ४५ मिनिटं लागत नाहीत. प्रशिक्षण दिलेली नर्स किंवा आरोग्यवर्धिनीतल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) त्याला १५ मिनिटं देऊ शकतात आणि काही बदललं तर वर कळवू शकतात. ती १० सेशन मोकळी झाली की त्याच समुपदेशकाच्या हाताला आठवड्याला दोन पूर्ण केस आणि पाच एकवेळच्या भेटी लागतात. पद वाढलेलं नाही, पण काम दुप्पट झालं.

केसलोड किती असावा? चालू केस ४० पर्यंत चालतात का?

नुसता आकडा काही सांगत नाही. चाळीस स्थिर माणसं झेपतात, स्वतःच्या जीवावर उठलेली बारा झेपत नाहीत. आम्ही प्रत्येक केसला वजन देतो. महिन्यातून एकदा येणाऱ्याला १. दर आठवड्याला येणाऱ्याला ३. आत्महत्येचा धोका असलेला, घरात मारहाण होत असलेली, किंवा दारू सोडण्याच्या पहिल्या महिन्यातला माणूस ५. एकीकडची बेरीज ६० च्या वर गेली की नवी केस दुसरीकडे. ही वजनं आमची आम्ही ठरवली आहेत, कुठल्या शासन निर्णयात नाहीत. तुमची तुम्ही ठरवा, पण सोमवारी सकाळी फळ्यावर बेरीज दिसली पाहिजे.

पाच वजनाच्या केस एकीकडेच गोळा होत नाहीत ना, यावर डोळा ठेवा. ज्या मुलीचा स्वभाव चांगला तिच्याकडे सगळे अवघड माणूस पाठवतात. हे हमखास होतं.

प्रशिक्षित समुपदेशक तालुक्याला मिळतच नाहीत. जाहिरात देऊन थकलो.

मिळणार नाहीत, हे धरूनच चाला. देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५ च्या आसपास, असा २०१९ मधला एक अंदाज आहे. निदान ३ असावेत अशी अपेक्षा असते. जे आहेत ते नागपूर, अमरावती, वर्ध्यात. पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ झरी-जामणीला किंवा एटापल्लीला भाड्यानं खोली घेऊन राहील, यावर योजना बांधता येत नाही.

बांधता येते ती गावातल्या माणसांवर. विदर्भातच हे करून पाहिलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्या वर समुपदेशक आणि गरज पडेल तिथेच मानसोपचारतज्ज्ञ, अशी उतरंड. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले: नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आकड्याइतकीच ती उतरंड महत्त्वाची आहे. प्रत्येक पायरीवर कोणी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ठरलेलं असलं तरच खालची पायरी टिकते.

आम्ही बारावी झालेल्या दोन स्थानिक बायकांना घेतलं. एकीचं शिलाईचं दुकान होतं. माणसाला बोलतं करणं ती आमच्या एमएसडब्ल्यू झालेल्या मुलीपेक्षा चांगलं करते, हे मी त्या मुलीच्या समोरच सांगत असते. मात्र निदान करणं, गोळीबद्दल सल्ला देणं, प्रमाणपत्र लिहिणं हे तिचं काम नाही आणि तसं तिच्या नेमणुकीच्या पत्रातच लिहिलेलं आहे.

हे काम आशाताईंवर टाकलं तर?

थोडं टाकता येतं. 'थोडं' या शब्दावर जोर आहे.

आशाताई घरोघरी आजारांच्या तपासणीसाठी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात मन लागत नाही का, उदास वाटतं का, असे दोन प्रश्न आधीच आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात १४ जिल्ह्यांतल्या आशांनी शेतकरी कुटुंबांत जाऊन ताणतणावाची माहिती घेतली होती. म्हणजे माणूस हेरणं आणि केंद्रापर्यंत आणणं त्यांना जमतं. पण एका आशाकडे हजारभर लोकसंख्या, त्यात गरोदर बाया, लसीकरण, टीबीचे रुग्ण, ऑनलाइन नोंदी आणि हातात मोबदला कामागणिक. तिला आठ-आठ सेशनचं समुपदेशन करायला सांगणं म्हणजे आपलं रिकामं पद तिच्या पदराला बांधणं. आमच्या भागातल्या एका गटप्रवर्तक ताईनं (या आशांच्या कामावर देखरेख करतात) बैठकीत सुनावलं होतं, "सारं आशाच करन, तं तुमी काय करता जी?" उत्तर कोणाकडेच नव्हतं.

आणखी एक अडचण. आशा त्याच गावची सून असते. जावेच्या भांडणाची गोष्ट लोक तिला सांगत नाहीत.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असताना वेगळी माणसं कशाला?

हा कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका अशी पदं असतात. पथक जिल्हा रुग्णालयात बसतं आणि तालुक्यांना ठरलेल्या तारखांना फिरतं. निदान आणि औषधांसाठी त्यांच्याशीच जोडून घ्या, पर्याय उभा करायला जाऊ नका. पण एक पथक आणि यवतमाळसारखा १६ तालुक्यांचा जिल्हा, हा हिशोब केला की दर आठवड्याला बसून बोलणारं माणूस स्थानिकच लागेल हे उघड आहे. त्यांच्या फिरतीच्या तारखा दारावर मोठ्या अक्षरांत लावा आणि त्या दिवशी समुपदेशकाची सेशन ठेवू नका. तिनं डॉक्टरांबरोबर बसायचं.

प्रवासाचा वेळ कामात धरायचा का?

धरायचाच. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि मधे घाट. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट अडते हे वर्षानुवर्षांचं. एसटीत उभं राहून तीन तास काढलेली मुलगी उतरल्या उतरल्या कोणाचं दुःख ऐकू शकत नाही. बाहेरच्या केंद्राच्या दिवशी आम्ही चारऐवजी तीन सेशन धरतो (उरलेली बाकीच्या दिवसांत, म्हणून वर 'फार तर पाच') आणि पहिलं पोचल्यावर अर्ध्या तासानं. मुक्काम शक्य असेल तर आठवड्यातून दोनदा जाण्यापेक्षा एक मुक्काम बरा. मात्र बाईमाणसाच्या मुक्कामाची नीट सोय असेल तरच, 'बघू, होईल काहीतरी' यावर नाही.

वर्षभर काम सारखंच असतं का?

अजिबात नाही, आणि रजा ठरवताना हे विसरू नका. मे-जूनला पीककर्ज, बियाणं, पेरणी आणि त्याच सुमारास दहावी-बारावीचे निकाल. दुबार पेरणीचं सावट आलं की फोन वाढतात. सोयाबीनच्या सोंगणीला आणि दिवाळीपुढच्या कापूस वेचणीला मात्र केंद्र ओस पडतं. माणसं बरी झालेली नसतात, वावरात असतात. मजुरीचा दिवस बुडवून कोण येणार? तेव्हा सेशन संध्याकाळी फोनवर घ्या, प्रशिक्षण आणि मोठ्या रजा त्या काळात ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसुलीच्या नोटिसा निघाल्या की पुन्हा गर्दी.

आम्ही एका वर्षी सगळ्यांची रजा मे महिन्यात मंजूर केली होती, शाळांना सुट्टी असते म्हणून. पुन्हा केली नाही.

प्रतीक्षा यादी करावी की नको? कोणाला आधी घ्यायचं?

करा, पण दारात गाळणी हवी. नाव लिहून घेणाऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारायला शिकवा: जीव नकोसा वाटतो का, घरात कोणी मारहाण करतं का, गेल्या काही दिवसांत झोप-जेवण पूर्ण सुटलंय का. पहिला प्रश्न सरळ विचारायचा. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती खरी नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं.

'हो' आलं तर तो माणूस आजच, चार सेशनांचा नियम मोडून. त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्याला बोलावून घ्यायचं, फवारणीचं औषध घरात असेल तर ते आजच दुसऱ्याकडे हलवायला सांगायचं आणि डॉक्टरांकडे पोचवायचं. केंद्र बंद असताना टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो. मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा आहे, तरी गावात अजून कमीच लोकांना माहीत आहे. बोर्डावर लिहा, केसपेपरच्या मागे शिक्का मारा.

बाकीच्यांना तारीख द्या आणि मधल्या काळात एक फोन करा. दोन मिनिटांचा पुरतो.

तारीख देऊनही लोक येत नाहीत. मग जास्तीची नावं लिहून ठेवावी का?

एखाददुसरं लिहा. पण आधी कारण विचारा. आमच्याकडे निम्म्या वेळा कारण एसटी असतं. सेशनची वेळ गाडीच्या वेळेला जुळवली की न येणारे कमी झाले, त्याला मानसशास्त्र लागलं नाही. दुसरं कारण, "नुसतं बोलून काय होते? गोळी देत नाही, सुई देत नाही." यासाठी पहिल्याच भेटीत किती वेळा यायचं, प्रत्येक वेळी काय करायचं आणि काय फरक दिसला पाहिजे हे सांगून टाकावं लागतं.

एकेकट्याऐवजी गटात घेतलं तर भार कमी होतो ना?

काही विषयांत. दारू सोडणाऱ्यांचा गट, रुग्णाच्या घरच्यांचा गट चालतो. गटाला दोन समुपदेशक लागतात आणि तयारीला तास जातो, हे हिशोबात धरा. गावातल्या गावात मात्र लाज आडवी येते, म्हणून गट बाजाराच्या गावी ठेवा. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकट्या पडलेल्या बायकांचा गट आम्ही केला तेव्हा पहिल्या दोन बैठका पेन्शनच्या कागदपत्रांतच गेल्या. जाऊ दिल्या. तिसऱ्या बैठकीला त्या बोलल्या.

मेळघाटात, गडचिरोलीत भाषेचं काय?

कोरकू, गोंडी, माडिया बोलणाऱ्याशी दुभाष्यामार्फत बोलताना वेळ दुप्पट धरा, म्हणजे दिवसाला दोनच सेशन. दुभाषी म्हणून शाळकरी पोराला किंवा सुनेला बसवू नका. आईनं काय सांगावं आणि पोरानं ते मराठीत कसं सांगावं? खरा उपाय म्हणजे ती भाषा बोलणारा माणूसच नेमणं, शिक्षणाची अट एक पायरी खाली आणून. आणि भुमकाशी, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूशी, वैर घेऊ नका. तो माणसं पाठवायला लागला की तुमची अर्धी जाहिरात झाली.

समुपदेशक थकलाय, हे कसं ओळखायचं?

रडण्यावरून नाही. रडणारा माणूस अजून आत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून नोंदवलाय आणि त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. आमच्याकडे या खुणा बारीक दिसतात. टिपणं आखूड होतात. नावाऐवजी 'ती डिप्रेशनवाली', 'तो पांढरकवड्याचा दारूवाला' सुरू होतं. न येणाऱ्या पेशंटचा आनंद होतो. हा शेवटचा प्रश्न मी थेट विचारते: आज कोणी आलं नाही तर बरं वाटेल का? एखाद्या दिवशी 'हो' म्हणालं तर ठीक आहे. तीन आठवडे 'हो' येत असेल तर वजनाचा फळा बघायचा आणि केस काढून घ्यायच्या. तिला 'स्वतःची काळजी घे' असं सांगून काम तेवढंच ठेवण्यात अर्थ नाही.

चालू केसमधल्या माणसानं आत्महत्या केली तर?

हे होतं. किती चांगलं काम केलं तरी होऊ शकतं, आणि विदर्भात काम करणाऱ्यानं ते होईपर्यंत न बोलणं बरोबर नाही. बातमी समुपदेशकाला व्हॉट्सॲपवरून कळू देऊ नका. तिच्याशेजारी बसून सांगा. पुढच्या दोन दिवसांची तिची सेशन दुसऱ्यांनी घ्या, पण तिला घरी एकटी पाठवू नका. त्या घरी भेटायला दोघींनी जा, तिची इच्छा असेल तर. आठवड्याभरानं केसची कागदपत्रं सोबत बसून वाचा. 'कोणाची चूक' हा शब्द त्या खोलीत नको. काय दिसलं होतं, काय दिसलं नाही, एवढंच. आमच्या एका मुलीनं त्यानंतर तीन महिने जोखमीची केस घेतली नाही. आम्ही घ्यायला लावली नाही.

सुपरव्हिजन कोणाकडून करून घ्यायची? आमच्याकडे वरिष्ठ कोणी नाही.

आठवड्याला एक तास एकटीशी आणि एक तास सगळ्यांनी मिळून. वरिष्ठ नसेल तर सेवाग्राम, सावंगी, नागपूर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात विचारा. महिन्यातून दोनदा व्हिडिओवर बसायला कोणीतरी तयार होतं. बाकीचे आठवडे एकमेकींनी. गोव्यात बिगरव्यावसायिक समुपदेशकांनी एकमेकांच्या सेशनच्या ध्वनिफिती ऐकून गुण देण्याची पद्धत वापरली आणि ती चालली. परवानगी घेऊन, नाव-गाव न येता, आम्हीही तसं करतो. सुरुवातीला स्वतःचा आवाज ऐकायला सगळ्यांनाच नको वाटतं.

कायद्यात मनुष्यबळाबद्दल काही आहे का?

आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ नुसार सरकारनं १० वर्षांच्या आत लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न करायचा आहे. ती १० वर्षं मे २०२८ मध्ये भरतात. निवेदनात हे कलम जरूर लिहा. त्याच कायद्यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण याची व्याख्या आहे आणि नुसता समुपदेशनाचा कोर्स केलेला त्यात बसत नाही, हेही लक्षात असू द्या. गुप्ततेचा हक्कही त्यातच आहे. लसीच्या खोलीत दार उघडं ठेवून घेतलेलं सेशन त्यात बसत नाही.

अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची माणसं टिकत नाहीत. काय करावं?

मानधन वाढवा, वेळेवर द्या. याहून हुशार उपाय मला सापडलेला नाही. वाढवता येत नसेल तर निदान जाणं नीट होऊ द्या. ऑर्डर संपायला महिना उरला की नवी केस देणं बंद. प्रत्येक चालू माणसाला 'मी जाणार आहे, पुढे अमुक ताई भेटतील' हे आधी सांगायचं आणि एक सेशन दोघींनी मिळून घ्यायचं. मार्चअखेर ऑर्डर थांबते, एप्रिलभर खुर्ची रिकामी आणि मेमध्ये नवी मुलगी 'तुमचं नाव काय' पासून सुरुवात करते, हे आमच्याकडेही झालंय.

मासिक अहवालात काय मोजावं?

'नवीन, जुने, एकूण' हे रकाने वरून आलेले असतात, ते भरा. शेजारी स्वतःचे चार जोडा: पहिल्या भेटीपर्यंत किती दिवस थांबावं लागलं, ठरलेली सेशन किती जणांनी पूर्ण केली, मधेच किती सुटले, आणि पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीची पहिली आणि शेवटची बेरीज. नऊ प्रश्न, २७ पैकी गुण, पाच मिनिटांचं काम. पाचवा रकाना समुपदेशकाच्या तासांचा. पैसे देणाऱ्यांना 'एकूण' कमी झालेला दिसला की हेच रकाने पुढे करता येतात. आमचे काका आता आधी 'सुटलेले किती' तेच विचारतात.

एकच समुपदेशक आहे. ती रजेवर गेली तर केंद्र बंद ठेवायचं?

दार उघडं, सेशन बंद. नाव लिहून घेणारा माणूस बसेल, तीन प्रश्न विचारेल, 'हो' आलं तर ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना फोन करेल. जोखमीच्या केसची यादी, जास्तीत जास्त पाच नावं, रजेआधी एका ठरलेल्या नर्सकडे बंद लिफाफ्यात द्यायची आणि आल्यावर परत घ्यायची. समुपदेशकाचा कामाचा मोबाइल केंद्राच्या कपाटात राहील, तिच्यासोबत माहेरी जाणार नाही. आणि दारावर खडूनं लिहायचं: 'ताई रजेवर आहेत, सोमवारी, अमुक तारखेला येतील.' तारीख लिहायचीच. तारीख नसलेली पाटी वाचून एक आजोबा लागोपाठ चार दिवस अकरा किलोमीटर चालत आले होते.